गळा दाबला होता का, हे विचारा

पत्नीच्या खुनाची बातमी बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. किरकोळ कारणावरून वाद झाला, पतीचा राग अनावर झाला आणि रागाच्या भरात त्याने तिचा जीव घेतला. समुपदेशक, संरक्षण अधिकारी, डॉक्टर अशी आपली मंडळीही हे कारण सहज मान्य करतात, याची आम्हाला काळजी वाटते. खून क्षणाच्या संतापातून झाला असे एकदा ठरवले, की त्याआधीच्या महिन्यांत ती स्त्री कोणाकोणाकडे गेली होती आणि तिला काय सांगून परत पाठवले गेले, हे कोणी विचारत नाही.

ब्रिटनमधील गुन्हेशास्त्रज्ञ जेन मॉन्कटन स्मिथ यांनी पुरुषांनी केलेल्या जोडीदार स्त्रियांच्या ३७२ खुनांचा अभ्यास करून २०१९मध्ये आठ टप्पे मांडले. छळाचा पूर्वेतिहास, घाईने जुळलेले नाते, मग तिच्यावर सर्व बाजूंनी ताबा, तो सुटण्याची चिन्हे, वाढता छळ, विचारांतला बदल, तयारी आणि अखेर खून. यातला चौथा टप्पा आपल्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ती माहेरी निघून जाते, नोकरी धरते, वकिलाला भेटते किंवा ‘आता पुरे’ एवढेच म्हणते. घरच्यांना वाटते, सुटली एकदाची. प्रत्यक्षात धोका इथूनच वाढतो. आपली सत्ता जाते आहे, हे त्याला सोसत नाही. तो रडतो, माफी मागतो, जीव देण्याची धमकी देतो, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊन उभा राहतो. एवढे करूनही ती परत येत नाही असे दिसले, की काही पुरुषांच्या मनात तिला परत आणण्याच्या विचाराची जागा तिला संपवण्याचा विचार घेतो. अशा वेळी तो वरवर शांतही दिसू शकतो आणि आपण नोंद करतो, ‘पतीच्या वागण्यात सुधारणा’.

सगळ्या मारहाणीत धोका सारखा नसतो. गळा दाबणे हे त्यातले वेगळे, गंभीर लक्षण आहे. जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असेल, तर त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक वाढते, असे अमेरिकेतील ११ शहरांच्या अभ्यासातून पुढे आले. परिचर्याशास्त्राच्या संशोधक जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम आहे. तरीही हे लक्षण नजरेतून सुटते, कारण ते डोळ्यांना दिसतेच असे नाही. सॅन दिएगोतील अशा ३०० प्रकरणांच्या तपासणीत निम्म्या स्त्रियांच्या मानेवर एकही खूण आढळली नव्हती. बाह्यरुग्ण विभागात ती येते तेव्हा आवाज घोगरा झालेला असतो, गिळताना दुखते, पापणी उलटून पाहिली तर आत बारीक लाल ठिपके दिसतात. ‘घसा बसलाय’ एवढेच ती सांगते. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झालेली असेल, तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. केसपेपरवर ‘मारहाण’ एवढा एकच शब्द लिहून तिला गोळ्या देणे म्हणजे वैद्यकीय आणि कायदेशीर असे दोन्ही पुरावे हातचे घालवणे होय.

वसईच्या एका तरुणीने नोव्हेंबर २०२०मध्ये तुळिंज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. सोबत राहणारा जोडीदार मारतो, त्याने गळा दाबून मारण्याचा प्रयत्न केला, तुकडे करून फेकून देण्याची धमकी देतो, असे तिने त्यात लिहिले होते. पुढच्याच महिन्यात, आता भांडण उरलेले नाही, असे तिने लिहून दिले. मे २०२२मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. आरोप त्याच जोडीदारावर आहे.

तक्रार मागे घेतली म्हणजे धोका टळला, असे आपल्यापैकी कोणीही यापुढे म्हणू नये. तक्रार भीतीपोटी, मुलांसाठी, आशेपोटी, कधी दुसरा आसराच नाही म्हणूनही मागे घेतली जाते. ‘तो मला मारून टाकेल’ असे ती म्हणत असेल, तर ते खरे धरून चालावे. ‘तो तसा वाईट नाही हो’ असे ती म्हणत असेल, तरी तपास थांबवू नये. पुढे जीवघेणा हल्ला झालेल्या अनेक स्त्रियांना आधी धोक्याचा पुरता अंदाज आलेला नव्हता, हेही कॅम्पबेल यांच्या अभ्यासांत दिसले आहे.

भांड्याला भांडे लागायचेच, या समजुतीवर आपल्याकडचे समुपदेशन फार काळ चालले. दोघांना समोरासमोर बसवायचे, दोघांनाही चार गोष्टी सांगायच्या आणि तिला नांदायला पाठवायचे. जिथे गळा दाबला गेला आहे, जिवाची धमकी आहे किंवा ती घर सोडण्याच्या बेतात आहे, तिथे अशी तडजोड घातक ठरते. तिचा बेत त्याच्यासमोर उघडा पडतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६च्या नियमांनुसार समुपदेशनात प्रतिवादीला आपल्या हिंसेचे समर्थन करता येत नाही. कलम २३नुसार न्यायदंडाधिकारी एकतर्फी अंतरिम आदेशही देऊ शकतात. या तरतुदी लग्नासारख्या नात्यात सोबत राहणाऱ्या स्त्रीलाही लागू आहेत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००मध्ये हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. सार्वजनिक रुग्णालयात, गर्दीच्या रेट्यातही असे काम उभे राहू शकते, हे त्या केंद्राने दाखवून दिले आहे.

वाचकांना आमची विनंती आहे. या महिन्यापासून प्रत्येक स्त्रीशी एकांतात बोला आणि पाच गोष्टी विचारा. गळा दाबला होता का? मारहाण अलीकडे वाढली आहे का? तिला किंवा स्वतःला मारण्याची धमकी त्याने दिली आहे का? तो पाळत ठेवतो का? ती त्याला सोडून जाणार आहे का? उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर आधी तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था करा. संसार टिकवण्याची चर्चा त्या दिवशी काढू नका.