मिसिंग: आधी मोजमाप, मग सुटे भाग

पेट्रोल इंजिनातला एकच सिलिंडर सतत मिस होत असेल, तर ठिणगी, इंधन आणि कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी त्याला पुरेसे किंवा वेळेवर मिळत नसते. कारणांची यादी एवढी आटोपशीर असूनही प्लग, कॉइल, इंजेक्टर बदलून झाल्यावर तीच तक्रार घेऊन फिरणाऱ्या गाड्या कमी नाहीत. चूक बहुधा तपासणीच्या क्रमात असते.

सुरुवात कोडचा अर्थ नीट लावण्यापासून होते. ईसीयूला ठिणगी दिसत नाही. तो क्रँकशाफ्टच्या वेगातला चढउतार मोजतो. पॉवर स्ट्रोकला अपेक्षित जोर मिळाला नाही, की त्या सिलिंडरच्या नावावर मिस नोंदवली जाते. म्हणजे पी०३०३ हा कोड तिसरा सिलिंडर कमी पडतो एवढेच सांगतो, कॉइल गेल्याचे सांगत नाही. एखाद्या सिलिंडरचे नाव न घेणारा पी०३०० आला तर फ्युएल प्रेशर, हवेची गळती, टायमिंग अशा सामाईक कारणांकडे आधी वळावे. कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणीच्या आरपीएम, लोड आणि तापमानाची नोंद, उतरवून घेणे आवश्यक आहे. लोडवर होणारे मिसिंग बहुधा इग्निशनकडे बोट दाखवते. आयडलिंगला होणारे आणि आरपीएम वाढताच जाणारे मिसिंग हवेच्या गळतीकडे.

त्यानंतर अदलाबदल. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर लावावी. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलचा. तो जागचा हलला नाही, तर प्लग आणि मग इंजेक्टर याच पद्धतीने तपासावेत. एका वेळी एकच भाग हलवावा. तिन्ही एकदम हलवले तर मिसिंग जाईलही, पण कारण कळणार नाही. प्लग काढताना त्याच्या खोबणीत तेल आहे का, कॉइलच्या रबरी बूटला तडा आहे का, हेही पाहावे. तेल असेल तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलल्याशिवाय नवी कॉइल टिकणार नाही.

फ्युएल ट्रिम वाचताना सावध राहावे लागते. मिस झालेल्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरच्या वाटेला लागतो आणि ऑक्सिजन सेन्सर मिश्रण लीन असल्याचे सांगतो. अशा वेळी लीनचा कोड हा मिसिंगचा परिणाम असू शकतो.

तिन्ही भाग हलवूनही कोड त्याच सिलिंडरवर राहिला, तर वायरिंग आणि इंजेक्टरचा पल्स तपासून थेट कॉम्प्रेशनकडे वळावे. इंजिन गरम, सर्व प्लग काढलेले, इंधन व इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चांगली चार्ज असावी. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली असेल, तर बिघाड इंजिनाच्या आत आहे. चमचाभर तेल टाकून आकडा वाढला तर रिंगा; न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र खाली आले, तर त्यांच्यामधले हेड गॅसकेट. लीक डाउन चाचणीत हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह.

सीएनजी गाड्यांत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गॅसच्या मिश्रणाला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते, म्हणून पेट्रोलवर निभावणारा झिजलेला प्लग गॅसवर उघडा पडतो. शिवाय व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेट क्लिअरन्स संपला, तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह नीट बसत नाही. हा दोष थंड इंजिनाच्या चाचणीत निसटू शकतो.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर ग्राहकाला गाडी न चालवण्याचा सल्ला द्यावा. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि त्याची जाळी वितळू शकते.

दुरुस्तीनंतर फ्रीझ फ्रेममधल्याच आरपीएम, लोड आणि तापमानाला गाडी चालवून मिसफायर काउंटर पाहावा. तो शून्यावर राहिला तरच काम पूर्ण समजावे आणि मोजलेले आकडे जॉब कार्डवर लिहावेत.