पोराच्या हाती कोयता येण्याआधी त्याला जवळ घ्या

पालकांनो, शिक्षकांनो, मंडळांच्या कार्यकर्त्यांनो,

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या येतात. त्यांत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हे शब्द वारंवार दिसतात. ही अठरा वर्षांच्या आतली, आपल्याच वस्तीतली पोरं आहेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, सोळा पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तोवर फार उशीर झालेला असतो.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यासकांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. लहानपणी ज्यांचा स्वतःवर सर्वांत कमी ताबा होता, अशा एक-पंचमांश मुलांपैकी ४३ टक्के जण वयाच्या बत्तिशीपर्यंत गुन्ह्यात दोषी ठरले. सर्वाधिक संयमी एक-पंचमांशात हेच प्रमाण १३ टक्के होतं. घरची परिस्थिती आणि बुद्धिमत्ता लक्षात घेऊनही फरक उरलाच. म्हणून 'गरिबाची पोरं तसलीच' असं कुणी म्हणू नये. वाढत्या वयात ज्यांचा संयम सुधारला, त्यांचं पुढचं आयुष्यही अपेक्षेपेक्षा बरं गेलं. संयम शिकवता येतो, आणि तो शिकवण्याची पहिली जागा घर आहे.

गॉटफ्रेडसन आणि हिर्शी या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० मध्ये पालकांची तीन कामं सांगितली: मुलावर लक्ष ठेवणं, चुकीचं वागणं ओळखणं आणि ते वेळीच सुधारणं. सुधारणं म्हणजे बदडणं नव्हे. मार खाणारं मूल एवढंच शिकतं की राग आला की हात उचलायचा.

आजपासून एवढं कराच. मुलगा संध्याकाळी कुठे असतो, कुणाबरोबर असतो, हे माहीत करून घ्या. घरातला नियम आज एक, उद्या दुसरा असा ठेवू नका. रागावलेल्या मुलाला शांत व्हायला वेळ द्या, मग बोला. कोयत्याच्या रीलला लाइक देऊ नका. ती टाकणाऱ्या पोराला बोलावून समोर बसवा. शिक्षकांनो, सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी जा. मंडळांनो, गुंडांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात लागू देऊ नका. लहान पोरं ते बघत मोठी होतात. मूल संकटात दिसलं तर १०९८ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

तुमच्या गल्लीत असं एक तरी पोर तुम्हाला ठाऊक असेल. आजच त्याच्याशी बोला.