प्रत्यारोपणानंतरचा खर्च कोणाचा?

1983 साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तेव्हापासून ही चिकित्सा आपल्याकडे रुजली खरी. परंतु दात्याच्या मज्जेतून आलेल्या संरक्षक पेशी रुग्णाच्याच त्वचेला, यकृताला आणि आतड्यांना परके मानून त्यांच्यावर चाल करून जाऊ शकतात, हे लोकांच्या ध्यानी क्वचितच येते. याच पेशी उरलेल्या रक्तकर्करोगाचाही संहार करीत असल्याने त्यांना सरसकट दडपता येत नाही. स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची मात्रा तोलूनमापूनच द्यावी लागते, आणि त्या काळात साधा संसर्गही जिवावर बेततो. म्हणून सरकारदरबारी माझे आग्रहाचे मागणे आहे, की प्रत्यारोपणास मंजूर होणाऱ्या मदतीत पुढील औषधांचा, तपासण्यांचा आणि जुनी प्रतिकारशक्ती पुसली गेल्याने बालपणीच्या लसी नव्याने टोचण्याचा खर्चही समाविष्ट करावा, आणि पुरळ, जुलाब, कावीळ या हल्ल्याच्या लक्षणांचा अर्थ वेळीच ओळखण्याचे शिक्षण जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांस द्यावे.