घर तिचे, नाव त्यांचे

आपल्या घराला आपल्याच आवडीचा ठसा हवा, हे आयुष्यभर सांगणाऱ्या लेखिकेच्या पुस्तकांवर मात्र तिचे स्वतःचे नाव नसावे, याला काय म्हणावे? लंडनच्या मेरी एलायझा हॉइस यांची पुस्तके छापली गेली ती ‘मिसेस एच. आर. हॉइस’ या नावाने. यातील ‘एच. आर.’ ही आद्याक्षरे यजमानांची!

मेरीबाईंचा जन्म १८४८चा. वडील थॉमस मस्ग्रेव्ह जॉय चित्रकार. त्यामुळे कलेचे बाळकडू घरातच मिळाले. १८६७ साली धर्मोपदेशक ह्यू रेजिनाल्ड हॉइस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चॉसरच्या कथा त्यांनी मुलांसाठी सोप्या केल्या आणि १८७७च्या त्या पुस्तकातली चित्रेही स्वतःच काढली. पुढे ‘द आर्ट ऑफ ब्यूटी’ (१८७८), ‘द आर्ट ऑफ डेकोरेशन’ (१८८१) आणि ‘ब्यूटिफुल हाउसेस’ (१८८२) ही पुस्तके आली.

त्यांचे म्हणणे साधे होते. दुकानदार सांगतो म्हणून किंवा शेजारणीने घेतले म्हणून काही घेऊ नका. भिंतीचा रंग निवडताना त्या भिंतीपुढे वावरणारी माणसे कशी दिसतील, तेही पाहा. शरीराचा आकार बिघडवणाऱ्या घट्ट कॉर्सेटवरही त्यांनी कोरडे ओढले. विषय पडद्यांचा असो की पोशाखाचा, मला त्यात एकच आग्रह दिसतो : बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, स्वतः ठरवावे. पुढे त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटल्या, त्यात नवल ते काय? १८९८ साली त्या गेल्या. ब्रिटनमधल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला १९१८ साली, तोही तिशी ओलांडलेल्यांपैकी काहींनाच.

‘तेव्हाची रीतच तशी होती,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. आपल्याकडेही ‘सौ.’ लावून पतीच्या नावाने ओळख देण्याची चाल होतीच. पण तेव्हाची रीत आज आपण का चालवावी? जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना, ग्रंथालयाच्या यादीत नोंद करताना, बाईचे स्वतःचे नाव आधी यावे. छापलेले नाव कंसात गेले तरी इतिहासाचे काही बिघडत नाही. उलट, नवऱ्याच्या आद्याक्षरांआड दडलेली चित्रकर्ती वाचकाला सापडते.

घर कोणी सजवले हे विचारणाऱ्यांनी पुस्तक कोणी लिहिले, हेही विचारायला हवे.