नाण्यांशेजारी रुपये लिहा

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय रेल्वे, इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री



तुमची ही दोन खाती संध्याकाळच्या डहाणू लोकलमध्ये एकत्र भेटतात. विरारपुढच्या चौपदरीकरणावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, ते वेगळ्या पत्रात. आज विषय त्याच डब्यात मोबाइलवर चालणाऱ्या खेळाचा.

तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांत 'गेन्शिन इम्पॅक्ट' खेळणारे आहेत, मीही त्यांतलाच. सप्टेंबर 2020 मध्ये आलेला हा खेळ फुकट आहे आणि शिफ्टवाल्याला सोयीचाही. त्यातलं 'रेझिन', म्हणजे बक्षिसं मिळवायला खर्चायची ऊर्जा, दर आठ मिनिटांना एक असं भरतं आणि 200 ला थांबतं. संपवलं की पुन्हा काठोकाठ भरायला सव्वीस तास चाळीस मिनिटं. ते शस्त्रांच्या सामानावर घालवायचं की पात्राचं कौशल्य वाढवण्यावर? दोन्हीला पुरत नाही, म्हणून तर डोकं लावायला मजा येते. हात राखून खर्च करायची सवय लागते, ती पगाराच्या शेवटच्या आठवड्यातही उपयोगी पडते. त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती 'प्रायमोजेम' म्हणजे प्रायमो या खेळातल्या नाण्यांबद्दल. नवं पात्र हवं तर 'विश' करायची, म्हणजे सोडत काढायची; एका विशला 160 प्रायमो. पाच ताऱ्यांचं पात्र निघण्याची मूळ शक्यता 0.6 टक्के. नव्वदाव्या विशपर्यंत एखादं हमखास निघतं, पण ते हवं तेच असेल असं नाही. एकदा हुकलं तर पुढचं मात्र नक्की. म्हणजे नशीब अगदीच फुटकं असेल तर 180 विश, 28,800 प्रायमो. रोजची चार कामं केली की 60 मिळतात. निव्वळ त्यावर राहिलं तर 480 दिवस! इव्हेंटमधून आणखी मिळतात, त्यामुळे धीर धरणारा फुकटातही भागवतो. पण ते पात्र ज्यात मिळतं तो 'बॅनर' साधारण तीन आठवड्यांत जातो, आणि पैसे भरायचं टॉप-अपचं बटण तिथेच असतं.

रुपये देऊन थेट विश मिळत नाही. आधी जेनेसिस क्रिस्टल, त्यांचे प्रायमो, प्रायमोंचे 'फेट', मग विश. सर्वांत लहान पॅक 60 क्रिस्टलचा. तीन घेतले तर एक विश होते आणि 20 उरतात. सर्वांत मोठ्यात बोनस धरून 8,080. त्यात 50 विश झाल्या की 80 पडून राहतात. उरलेलं चिल्लर वाया जाऊ नये म्हणून माणूस आणखी एक पॅक घेतो. सातपाटीची कोळीण पापलेटचा भाव रुपयांत सांगते, घासाघीस नंतर. इथे भावच कळत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये तुम्हीच लोकसभेत मांडलेल्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. चांगलं झालं. त्या कायद्यात पैसे देऊन घेतलेली नाणी आणि टोकनही डावात मोजली आहेत. पण गेन्शिनमध्ये जिंकलेल्या पात्राचे रोख पैसे होत नाहीत, त्यामुळे आमच्या विश चालूच आहेत. खेळ बंद करा असं मी म्हणत नाही. तसं केलंत तर पहिला मीच ओरडेन.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2025 मध्ये याच खेळाच्या कंपनीशी तडजोड केली. दोन कोटी डॉलर दंड, सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स (विशसारखी नशिबाची खरेदी) विकायला बंदी, आणि आभासी नाण्यांऐवजी थेट खऱ्या पैशांत ते घेण्याची सोय देणं बंधनकारक. बेल्जियमने तर 2018 मध्येच पैसे देऊन घेतलेल्या लूट बॉक्सना जुगार ठरवलं. अमेरिकेतल्या खेळाडूला मिळणारा हिशेब बोईसरच्या खेळाडूला का मिळू नये?

ऑनलाइन खेळांच्या तुमच्या नियमांत एवढं घाला: प्रत्येक विशशेजारी तिची रुपयांतली किंमत आणि हमखास पात्र मिळेपर्यंतचा जास्तीत जास्त खर्च, त्याच पडद्यावर, मराठीसह. एक विश हवी असेल तर एकाच विशचे पैसे घ्यावेत, पॅकची सक्ती नको. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या खात्यावर नशिबाची विक्री बंद.

आपला,
एक खेळाडू, बोईसर