डावा हात, उजवा हात

दांडिया बाजारात आम्ही लहानाचे मोठे झालो, तेव्हा मुलांना भुतापेक्षा डेप्युटीसाहेबांचे भय अधिक असे. साहेब यायच्या आठ दिवस आधी शाळेची झाडलोट सुरू होई आणि आमचे गुरुजी एक मंत्र देत : "साहेबांनी प्रश्न विचारला की झाडून सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा." साहेब प्रश्न विचारीत, हातांचे रान माजे, गुरुजी उजव्या हाताच्या मुलाला उठवीत. शाळेला शेरा मिळे 'समाधानकारक'. मी हिशेबात कच्चा. ओळीने तीन वर्षे इमानेइतबारे डावा हात वर केला. त्रैराशिक मला आले ते पुढे, माझ्या आत्याने वाण्याच्या वहीवर शिकविले तेव्हा.

हे आठवायचे कारण आपल्या गुजरातेतला गुणोत्सव. 2009 साली तो सुरू झाला तेव्हा मंत्री व सनदी अधिकारी स्वतः प्राथमिक शाळांत जाऊन मुलांचे वाचन, लेखन, गणन तपासू लागले व त्यावरून शाळांना श्रेणी मिळू लागल्या. 2019 पासून त्याची दुसरी आवृत्ती निघाली. हेतूला नावे ठेवण्याचे कारण नाही. सरकारी शाळेत पोर पाठविणाऱ्या बापाला, ते काय शिकले हे विचारण्याचा पुरता हक्क आहे.

पण ज्या परीक्षेवर शिक्षकाची अब्रू टांगलेली, ती परीक्षा खरे सांगत नाही. हा धडा जुनाच आहे. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेला बांधले. मूल एका विषयात नापास झाले की तेवढे शिलिंग-पेन्स कापले जात. झाले काय, तर मुले वाचनाचे पुस्तक पाठच करून टाकू लागली, आणि इतिहास-भूगोलाला पैसे नव्हते म्हणून ते कोपऱ्यात गेले. मॅथ्यू आर्नल्ड हे तर स्वतः शाळातपासनीस. त्यांनी या पद्धतीवर सडकून टीका केली. तरी ती तीसेक वर्षे चालली. मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांना निकालावर पैसे मोजण्याची रीत होती.

मग तपासूच नये काय? अवश्य तपासावे, पण खोटे बोलून कुणाचाच फायदा होणार नाही, अशा रीतीने. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल 2005 पासून निघतो. त्याचे स्वयंसेवक खेड्यांत शाळेत नव्हे, घरी जातात, मुलाला चार ओळी वाचायला देतात. त्यात कुठल्या गुरुजींचे नाव येत नाही. 2022 सालच्या अहवालात त्यांनी सांगितले की ग्रामीण भारतात पाचवीतली अवघी 42.8 टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकतात. आकडा लाजिरवाणा आहे, म्हणूनच मला तो खरा वाटतो.

आणि जबाबदारी एकट्या शिक्षकाचीच का? सयाजीरावांनी 1893 साली अमरेली भागात आणि 1906 साली साऱ्या राज्यात शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पण शाळा काढण्याचा भारही राज्याने स्वतःच्या अंगावर घेतला. आज शाळेला श्रेणी देताना, तिथे शिक्षकांच्या जागा किती दिवस रिकाम्या होत्या, याचा शेरा सरकारच्या नावावर कोण लिहितो? आपणही यातून सुटत नाही. या स्तंभाच्या वाचकांपैकी कितीजणांची नातवंडे सरकारी शाळेत आहेत? माझी तर नाहीत.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा पाचवीत आहे. परवा तो ओट्यावर बसून सांगत होता, "आजोबा, उद्या साहेब येणार. बाईंनी सांगितलंय, हुशार मुलांनी पुढे बसायचं."

"मग तू कुठे बसणार?"

"मागे," तो म्हणाला, आणि बोरे खाऊ लागला.