आधी पार्क, मग बोट!

‘मे महिन्यात कुठे?’ हा प्रश्न जानेवारीतच सुटला पाहिजे, हे घरात ज्याचं त्याचं मत. पण उत्तर? पोराला राइड्स हव्यात. आईचं ठरलेलं वाक्य, ‘माझं काय, तुम्ही न्याल तिथे.’ बाबा तिकिटाचा आकडा ऐकूनच म्हणणार, ‘एवढे पैसे कशाला?’ आणि तुम्हा दोघांना? खरं सांगायचं तर नुसती झोप हवीय!

म्हणूनच ‘सिंगापूर प्लस क्रूझ’ हे कॉम्बिनेशन ऑफिसच्या डबा-ग्रुपमध्ये चवीने चघळलं जातं. मुंबईहून साधारण साडेपाच तासांची फ्लाइट. सेंटोसा बेटावर २०१० साली सुरू झालेलं युनिव्हर्सल स्टुडिओज. आणि त्याच शहरातून सुटून पेनांग नाहीतर फुकेतला चक्कर मारून तीन-चार रात्रींत परत आणणारी बोट. आठवडाभरात तीन पिढ्या खूश... कागदावर तरी!

कागदावर, कारण इथे दोन वेगळ्या स्वभावाच्या सुट्ट्या एकाच बॅगेत कोंबायच्या असतात. पार्कचा एक दिवस पावसात गेला, तर एक दिवसच जातो. बोट चुकली तर अर्धी ट्रिप गेली, आणि ती कुणाच्या बाबांसाठी थांबत नाही. तेव्हा फंडा सोपा आहे. आधी बोटीची तारीख पक्की करा, मग तिच्याभोवती बाकी सगळं बसवा. आपण नेमकं उलटं करतो. स्वस्त विमान दिसलं की झडप घालतो आणि मग बोट शोधत बसतो.

तारीख निवडताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. सिंगापूरच्या शाळांना मेअखेरीपासून जूनभर सुट्टी असते. म्हणजे आपली सुट्टी लागल्या लागल्या, मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात, तर पार्कमधली गर्दी त्या मानाने कमी मिळेल.

आता क्रम. पार्क आधी, बोट नंतर. विमान लेट झालं, बॅग अडकली, पोराला ताप आला, तरी हाताशी दोन दिवस असतात. ज्या दिवशी बोट, त्याच दिवशी सकाळी विमानाने उतरायचं धाडस करूच नका. बोट सुटण्याच्या तासभर तरी आधी चढणं बंद होतं. शिवाय पार्कात दिवसभर तंगडतोड होते. त्यानंतर डेकवरची आरामखुर्ची म्हणजे सुख!

व्हिसाचं जरा नीट ऐका. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा. बोटीने तुम्ही देशाबाहेर पडता आणि परत येता, म्हणजे ही दुसरी एंट्री झाली. हातात मल्टिपल एंट्रीचाच व्हिसा आहे ना, हे तपासा. बोट ज्या ज्या बंदरात थांबणार, त्या देशाचा नियम वेगळा. तो बुकिंगच्या वेळी आणि निघण्याआधी पुन्हा एकदा बघा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. त्याचे पैसे कुणी मागितले तर हात जोडा आणि पुढे चला.

बोटी दोन ठिकाणांहून सुटतात. एक टर्मिनल हार्बरफ्रंटला, जिथून सेंटोसाची मोनोरेल निघते त्या व्हिवोसिटी मॉलला खेटून. दुसरं २०१२ मध्ये सुरू झालेलं मरीना बे क्रूझ सेंटर, मेट्रोचं स्टेशन मरीना साउथ पिअर. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते आदल्या रात्रीच वाचा. टॅक्सीत बसल्यावर नको.

पैशांकडे येऊ. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा एका केबिनमध्ये दोघं धरून, माणशी असतो. तिसऱ्या-चौथ्याला त्याच केबिनमध्ये बहुधा कमी पडतात. त्यावर पोर्टचे कर, रोजची माणशी टिप (पोराचीसुद्धा!), वाय-फाय, कोल्ड्रिंक आणि बंदरावरच्या सहली. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएससुद्धा भरावा लागतो. तो इन्कम टॅक्समध्ये वळता होतो, पण आज तुमच्याच खिशातून जातो. आणि बोटीवर मोबाइल एअरप्लेन मोडवर! समुद्रातल्या सॅटेलाइट नेटवर्कला फोन चिकटला तर पुढच्या महिन्याचं बिल फ्रेम करून ठेवाल.

दोन केबिन घेणार असाल तर मध्ये दार असलेल्या, कनेक्टिंग मागा. त्या मोजक्या असतात आणि आधी संपतात. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच सांगा. आई-बाबांचा इन्शुरन्स काढताना बीपी-शुगर लपवू नका. बोटीवरचा डॉक्टर फुकट नसतो आणि लपवलेल्या आजाराचा क्लेम मिळत नाही. घरात गोड बातमी असेल तर आधी कंपनीला विचारा. बहुतेक कंपन्या चोवीस आठवड्यांनंतर बोटीवर घेत नाहीत, आणि बाळही किमान सहा महिन्यांचं लागतं.

पोराची उंचीसुद्धा मोजून घ्या हं! ‘ट्रान्सफॉर्मर्स’ला किमान १०२ सेंटिमीटर लागतात, ‘रिव्हेंज ऑफ द ममी’ला १२२. गेटवर उभं राहून रडारड करण्यापेक्षा घरच्या दारावर पेन्सिलची खूण परवडली.

आता जरा मनातलं. पार्क पोरासाठी असतं. तिथे आई-बाबांना सकाळपासून रात्रीपर्यंत ओढू नका. त्या दिवशी त्यांना उशिरा उठू द्या, लिटल इंडियात इडली खाऊ द्या, संध्याकाळी गार्डन्स बाय द बेमध्ये सगळे भेटा. बोट मात्र त्यांच्यासाठी आहे. रात्री पाच जण एका टेबलावर, कुणाचा लॅपटॉप उघडा नाही, कुणाला आठ बावीसची लोकल पकडायची नाही... घरी हे शेवटचं कधी झालं, आठवतंय? म्हणून बजेट ताणलं जात असेल तर बाल्कनी सोडा, आतली केबिन घ्या, हॉटेलचा एक तारा कमी करा. बोटीवरची एक रात्र कमी करू नका.

आणि तरीही बसत नसेल तर? कार्डावर हप्ते पाडून जाऊ नका. दिवाळीपर्यंत ईएमआय भरताना डेकवरचा सूर्यास्त आठवत नाही, फक्त तारीख आठवते. त्यापेक्षा आजपासून वेगळं खातं उघडून दर महिन्याला पैसे टाका आणि पुढच्या मेची बोट आत्ताच बघून ठेवा. फक्त ‘पुढच्या वर्षी’चं ‘कधीतरी’ होऊ देऊ नका. पोराची उंची दरवर्षी वाढणारच आहे. बाबांचे गुडघे मात्र उलट्या दिशेने चाललेत, आणि ते स्वतःहून कधी सांगणार नाहीत. ते एवढंच म्हणतील, ‘एवढे पैसे कशाला?’